बाहेरच्या माणसाचा परवाना

मला त्या नदीत एक मासा पकडायचा होता, आणि तो रीतसर, परवाना काढून पकडायचा होता. एवढीच गोष्ट आहे. तिला तीन वर्षं लागली म्हणून ती लिहावीशी वाटते. नाहीतर मासा पकडण्यात आमच्या घरात कुणाला विशेष वाटावं असं काही नाही.

आम्ही भंडाऱ्याकडचे ढीवर. गावाला मोठा तलाव, तलावावर मच्छीमारांची सोसायटी, वडील तिचे सभासद. दहावीपर्यंत मी त्यांच्याबरोबर डोंग्यातून पाण्यावर जात होतो. दहावीला बरे मार्क पडले आणि वडिलांनी माझ्या हातातलं जाळं काढून घेतलं. रागाने नाही. "हे आता तुयं काम नाई," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी शिकतच गेलो. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. दोन हजार तीन साली शिष्यवृत्ती मिळाली आणि तलावांच्या पाण्यावर संशोधन करायला मी इंग्लंडला आलो. राहायला लंडनमधल्या हॅरोला, पुण्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्याबरोबर घर वाटून घेतलं होतं.

पहिल्याच शरदात आमच्या विभागाची सहल स्कॉटलंडला गेली. पाण्याचे नमुने घ्यायला. एका लहानशा गावाबाहेर नदीला दगडी बंधारा होता, आणि त्या बंधाऱ्यावरून सॅमन मासे उलट्या दिशेने उड्या मारत वर चढत होते. समुद्रातून आलेले, अंडी घालायला आपल्या जन्माच्या पाण्याकडे निघालेले. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण हाताएवढा लांब मासा पडत्या पाण्याच्या अंगावर स्वतःला फेकतो, आपटतो, खाली पडतो आणि पुन्हा येतो, हे पाहिल्यावर मला बाटलीत पाणी भरायचं सुचेना. प्राध्यापकांनी दोनदा हाक मारली.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसातल्या फोनवर वडील भेटायचे. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मासा वरतं उडते?" ते म्हणाले. "पडत्या पान्यात?"

"हाव, बाबा. मी सोता पायलं."

"केवढा?"

"हातभर. त्याहूनही मोठा."

"हातात धरला काय?"

"नाही. बंधाऱ्यावरून पाहिला."

फोनवर मागे कुणीतरी हसलं. ऑफिसात चार माणसं कायम बसलेली असत. वडील म्हणाले, "मंग पायला म्हन. असा असते, तसा असते, हे नको सांगू. हातात आला का सांगजो."

ते हे चेष्टेनेच बोलले असावेत. नंतर त्यांना ते आठवतही नव्हतं. पण मला ते लागलं, आणि का लागलं हे मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी पाण्यावर आणि माशांवर प्रबंध लिहायला निघालो होतो. विद्यापीठात लोक माझं ऐकून घेत होते. आणि ज्या माणसाकडून मी पाणी ओळखायला शिकलो, तो म्हणत होता की तुला अजून बोलायचा हक्क नाही. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, व्हिसाही तेवढाच. मी ठरवलं, परत जायच्या आत तो मासा हातात धरायचा.

चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या नदीचं ते पात्र गावातल्या मासेमारांच्या संघटनेकडे आहे. गावातल्या लोकांना सबंध हंगाम मोकळा. बाहेरच्यांसाठी हंगामाच्या अखेरचे थोडे आठवडे, आणि त्यांतही दर आठवड्याला मोजकेच गळ. हिवाळ्यात अर्ज मागवायचे, जानेवारीत चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचं नाव निघेल त्याला एका आठवड्याचा परवाना आणि प्लास्टिकचा एक टॅग. मासा मिळाला आणि घरी न्यायचा असेल तर जागच्या जागी तो टॅग त्याच्या शेपटीच्या मुळाशी आवळून बंद करायचा. टॅग एक, म्हणजे मासा एक. बाकीचे पाण्यात परत. पैसे फार नव्हते, नाव निघणं अवघड होतं. एक सवलत मात्र होती. नाव निघालं नाही तर पुढच्या वर्षी तुमच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या टाकत.

माझ्या पुणेकर घरजोडीदाराला हे सगळं विनोदी वाटलं. तो शाकाहारी होता, अंडं चालायचं, पण तेही घराबाहेर.

"अरे, सॅमन सुपरमार्केटमध्ये मिळतो," तो म्हणाला. "नीट पॅक केलेला. एकावर एक फ्री."

"तो मी पकडलेला नसतो."

"मग काय तो स्वतः चालत येतो?"

"तुला नाही कळणार."

"नागपूरकर, मला एवढंच कळतं की फ्रिज कॉमन आहे." मी नागपूरचा नाही हे त्याला दहा वेळा सांगून झालं होतं. भंडारा त्याच्या नकाशात नव्हता.

मी अर्ज मागवला. दोन पानी होता. अनुभवाच्या रकान्यात मी मनापासून लिहिलं. मासेमारीचा अनुभव: वयाच्या सातव्या वर्षापासून, वडिलांबरोबर. पद्धत: फेकायचं जाळं, ओढायचं जाळं, आणि संध्याकाळी लावून पहाटे काढायचं जाळं. एका हंगामात साधारण किती मासे पकडता? यावर मी बराच विचार केला आणि खरं तेच लिहिलं: मोजत नाही, टोपल्यांवर अंदाज असतो. वडिलांचा व्यवसाय विचारला नव्हता, पण जागा उरली होती म्हणून तोही लिहिला. नोकरीच्या कुठल्याही अर्जात मी इतकं भरून लिहिलं नव्हतं. मला वाटलं, एवढा अनुभव पाहून ते खूश होतील.

उत्तर आठवड्यात आलं, चिठ्ठ्या निघायच्याही आधी. अतिशय सभ्य पत्र होतं. जाळ्याच्या व्यवसायाशी संबंध असलेल्यांचा अर्ज सोडतीत घेता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. खाली सेक्रेटरीची सही.

मला ते पत्र कळेचना. ते घेऊन मी स्टॅनमोरच्या काकांकडे गेलो. काका निवृत्त डॉक्टर, तीसेक वर्षांपूर्वी इकडे आलेले. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली होती, आणि ते ट्राउट मासे धरायला जातात हे ऐकून मी त्यांना सोडलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून आधी माझ्या अर्जाची झेरॉक्स वाचली आणि मग इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून पाहायला आल्या.

"अहो काका, झालं काय?" मी विचारलं.

"अरे बाळा," डोळे पुसत ते म्हणाले, "पोलीस भरतीच्या अर्जावर कुणी 'घरफोडीचा वडिलोपार्जित अनुभव' असं लिहितं का? रात्री जाळं लावतो म्हणे! इथल्या नदीवर रात्री जाळं लावणारा म्हणजे चोर. पकडला तर कोर्टात उभा करतात. आणि वर लिहितोस, मोजत नाही, टोपल्यांनी नेतो! त्या बिचाऱ्या सेक्रेटरीने पत्र वाचून दाराला कडी लावली असेल."

काकू म्हणाल्या, "हसू नका हो, त्याचा चेहरा बघा."

माझा चेहरा कसा होता माहीत नाही. पण वडिलांचं सगळं आयुष्य एका रकान्यात चोर ठरलं होतं, आणि ते मीच माझ्या अक्षरात लिहून दिलं होतं. काकांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला.

"त्यात काय एवढं. पुढच्या वर्षी 'नवशिका' असं लिही. एक शब्द. काम झालं."

"ते खोटं होईल, काका."

"अर्धंच खोटं. गळाच्या बाबतीत तू नवशिकाच आहेस."

"पण जाळं कापून टाकल्यासारखं होईल."

काकांनी झेरॉक्स माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "मग बस लिहीत. तुम्हा शिकलेल्या पोरांचं हे असं असतं."

मी बसलो लिहीत. सेक्रेटरींना पत्र लिहायला मला चार दिवस लागले, कारण इंग्रजीत मी आर्जव करायला लागलो की लाचार वाटायचं आणि लाचारी काढून टाकली की उद्धट वाटायचं. शेवटी सरळ लिहिलं. आमच्याकडे जाळं हेच पोटाचं साधन आहे. तलाव सोसायटीने भाड्याने घेतलेला असतो. पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात तेव्हा जाळी बंद असतात, आणि लहान मासा निसटेल एवढी मोठी भोकं ठेवतात. माझे वडील चोर नाहीत. मी इथे जाळं आणलेलं नाही, आणणार नाही. तुमच्या नियमाने, तुमच्या साधनाने एक मासा धरायचा आहे. माझा अर्ज पुढच्या सोडतीत घ्याल का?

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. लहानच होतं. तुमच्या तळ्याबद्दल वाचून आनंद वाटला. इथे फक्त कृत्रिम माशीने मासेमारी चालते. ती शिका, एखाद्या क्लबच्या सभासदाचं शिफारसपत्र जोडा आणि हिवाळ्यात अर्ज करा. हमी कसलीच नाही.

हमी कुणी मागितली होती? मी त्या संध्याकाळी काकांना फोन केला आणि शिकवा म्हणालो.

माशीची मासेमारी म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला माशीएवढा गळ, आणि तो पाण्यावर नेऊन टाकणारी जड दोरी. वजन गळाला नसतं, दोरीला असतं. ती दोरी मागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचं आणि मग पुढे सोडायची. काका म्हणाले, हे आधी गवतावर शिकायचं. म्हणून त्यांची गळाची जुनी काठी घेऊन मी हॅरोच्या मैदानावर उभा राहू लागलो. गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा. लोक कुत्री घेऊन फिरायला यायचे आणि लांबून वळसा घालून जायचे.

"अंग फिरवू नकोस!" काका बाकावरून ओरडायचे. "जाळं नाही फेकायचं! फक्त हात. मनगट ताठ. अरे, तू तर सगळा गोल फिरतोयस, गरब्याला आलायस का?"

सवय जात नव्हती. जाळं फेकताना पायापासून माणूस वळतो. दहावीनंतर मी जाळं धरलं नव्हतं, पण अंगाने ते सोडलेलं नव्हतं हे मला त्या मैदानावर कळलं. मनातून थोडं बरंही वाटलं. पण दोरी माझ्याच कानाला गुंडाळली जायची.

एकदा घरजोडीदार ऑफिसातून येताना मैदानावर थांबला. टाय सैल करून बराच वेळ पाहत राहिला.

"काही लागलं का?"

"सराव आहे."

"नाही, मी विचारलं कारण समोरच्या आजीबाई मला विचारत होत्या की तुमच्या मित्राला कुणी डॉक्टर बघतात का. मी म्हटलं, हो, तेच बाकावर बसलेत."

काका इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी त्याला चहाला घरी नेलं आणि मला सराव करत मैदानावर ठेवलं.

त्या हिवाळ्यात मी दुसरा अर्ज केला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं: जाळं, वडिलांबरोबर, माशी, शिकतो आहे. काकांनी शिफारसपत्र दिलं. त्यात त्यांनी मी "चिकट" आहे असं लिहिलं होतं, चांगल्या अर्थाने. जानेवारीत उत्तर आलं: नाव निघालं नाही. पुढच्या वर्षी दोन चिठ्ठ्या.

मला वाईट वाटलं, पण त्याबरोबर एक विचित्र समाधानही वाटलं. या वेळी मला कुणी नाकारलं नव्हतं. माझी चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्यांबरोबर त्या डब्यात होती आणि ती निघाली नाही, इतकंच. घरजोडीदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तू हरलास याचा तुला आनंद झालाय. तू खरंच डॉक्टरला दाखव." मग थोड्या वेळाने, भांडी विसळताना, "पुढच्या वर्षी पण करणार?" असं त्याने विचारलं.

"करणार."

"आणि मिळाला तर आणणार इथे?"

"आणणार."

"खालचा कप्पा तुझा," तो म्हणाला. "वरच्यात आला तर बघ."

पुढचं वर्ष प्रबंधाचं होतं. दिवसभर आकडे आणि तक्ते, आणि उजेड असेल तेव्हा मैदान. काका मला दोनदा त्यांच्या क्लबच्या पाण्यावर घेऊन गेले आणि मी तिथे एक लहान ट्राउट धरला. तो सोडून दिला. काका म्हणाले, "आता तू नवशिका नाहीस. आता तू वाईट आहेस. ही प्रगती आहे." हिवाळ्यात मी तिसरा अर्ज केला. हा शेवटचा हे मला माहीत होतं, पुढच्या हिवाळ्यात मी इथे असणार नव्हतो. जानेवारीच्या शेवटी जाड पाकीट आलं. पातळ पाकीट म्हणजे नकार हे एव्हाना मला ठाऊक होतं. मी ते जिन्यातच फाडलं. आत सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा परवाना होता, नकाशा होता, नियमांचं पत्रक होतं आणि पिवळा टॅग होता.

मी गेलो तेव्हा प्रबंध देऊन झाला होता आणि परतीचं तिकीट काढलेलं होतं. तो आठवडा गेला की संपलं.

नदी बाटलीतल्या नमुन्यांसारखीच होती, कोऱ्या चहाच्या रंगाची आणि थंड. सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. काठावर माझ्यासारखे आणखी तिघं-चौघं बाहेरचे होते, त्यांनाही काही नाही. मासे समोर उड्या मारत होते. त्यांना खायचंच नसतं, नदीत शिरल्यावर सॅमन खात नाही. तो माशीला का तोंड लावतो हे कुणालाच नक्की माहीत नाही. आमच्याकडे मासा सापडतो, कारण तो कुठे जातो हे तुम्हाला माहीत असतं. इथे ते माहीत असून उपयोग नव्हता. इथे फक्त परत परत माशी टाकायची, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा टाकायची. बुधवारी पाऊस होता, मी टाकत राहिलो. गुरुवारी दुपारी दोरी जड झाली, आणि मी जाळ्याचा दोर ओढावा तशी ती दोन्ही हातांनी ओढली. मासा पाण्यावर एकदा आडवा झाला, सुटला आणि गेला.

मी काठावर बसलो. पलीकडच्या माणसाने हात वर करून काहीतरी म्हटलं, बहुतेक सहानुभूतीचं. मी थोड्या वेळाने उठलो आणि पुन्हा टाकू लागलो. दुसरं काय करणार होतो? शनिवारपर्यंत परवाना होता. रविवारी तिथे सॅमनची मासेमारी बंद असते.

शुक्रवारी सकाळी, बंधाऱ्याखाली पाणी वळतं तिथे, तो आला. या वेळी मी ओढलं नाही. जाऊ दिलं. तो खाली गेला, मी काठाने त्याच्यामागे गेलो. तो थांबला, मी थांबलो. काकांचं "मनगट ताठ" मनात चालू होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी गोट्यांवर उथळ पाण्यात तो कुशीवर झाला आणि मी काठी टाकून गुडघ्यांवर बसून त्याला शेपटीच्या मुळाशी धरलं. तिथे सॅमनची पकड बसते, आमच्या मरळ माशाची तशी बसत नाही, निसटतो. थंड, घट्ट, सगळं अंग एकच स्नायू असल्यासारखं. नर होता. मादी असती तर सोडावीच लागली असती.

मी त्याला मारलं. टॅग आवळला. आणि मग खिशातली सुरी काढून तिथेच पाण्याकाठी त्याला साफ केलं, डोकं खांद्यापासून वेगळं केलं, जसं घरी करतात तसं. इतक्यात गोट्यांवर बूट वाजले. उंच, सत्तरीचा म्हातारा, अंगात मेणकापडाचा कोट. परवाना दाखवा म्हणाला. मी दाखवला. त्याने नाव वाचलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"जाळंवाला," तो म्हणाला.

"हो. तुम्ही सेक्रेटरी?"

"हो." त्याने टॅग तपासला, मासा पाहिला. "चांगला मासा."

आणि मी खाली वाकून माशाचं डोकं दोन्ही हातांनी उचलून त्याच्यासमोर धरलं.

आमच्याकडे बाहेरगावचा माणूस परवानगीने एखाद्या तलावात जाळं टाकतो, तेव्हा मिळालेल्या माशातला वाटा त्या गावाला जातो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जो राखणीला असतो त्याच्या हातात तो द्यायचा, आणि द्यायचं ते डोकं, कारण माशात सगळ्यात चांगलं तेच. वाटा दिला की ते पाणी तुम्ही चोरलं नाही. हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या क्षणी मी याचा विचारही केला नाही. हात आपोआप पुढे गेले.

म्हातारा मागे सरकला. "हे काय?"

"तुमचा वाटा."

त्याचा चेहरा एकदम कठोर झाला. "तरुण माणसा, गळाने धरलेला सॅमन विकणं गुन्हा आहे. आणि परवाना तपासणाऱ्याला मासा देणं..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पलीकडचे दोघं काठ्या थांबवून आमच्याकडे पाहत होते. "मला तुमचा परवाना काढून घ्यावा लागेल असं काही करू नका."

तीन वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली. पण हात मागे घ्यावासा वाटेना. मी घाबरत, अडखळत त्याला सगळं सांगितलं. तलाव, पाळ, राखणदार, डोकं. "विकत नाहीये," मी म्हटलं. "तुम्ही नाही घेतलंत, तर आमच्या हिशेबाने मी तुमच्या पाण्यातून चोरी केली."

"आणि घेतलं तर आमच्या हिशेबाने मी लाच घेतली."

"हो. तसं दिसतंय."

त्याने माझ्या हातातल्या डोक्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे राखणदाराला डोकं देतात? आमच्याकडे ते मांजराला देतात. मला आधी वाटलं, तुम्ही माझा अपमान करताय."

"सगळ्यात चांगलं तेच असतं. गालाचं मांस."

"असं?" तो म्हणाला. अजून हसला नव्हता. मग वळून पलीकडच्यांना मोठ्याने म्हणाला, "झोपडीत या रे! सगळे या. या माणसाला गावाचा वाटा द्यायचाय, आणि तो मी एकटा घेणार नाही."

काठावर संघटनेची लाकडी झोपडी होती, आत गॅसची शेगडी आणि एक काळा पडलेला तवा. मी डोकं आणि खांद्याचे तुकडे मीठ लावून, तिथे होतं त्या लोण्यात भाजले. मी सोबत आणलेली तिखटाची पुडी काढली तेव्हा सगळ्यांनी आपापल्या तुकड्यावर हात धरला. सेक्रेटरीने गालाचं मांस बोटाने काढून खाल्लं, थोडा वेळ चावलं आणि म्हणाला, "सत्तर वर्षं मांजराला दिलं."

"मांजराला सांगू नका," दुसरा कुणीतरी म्हणाला.

दुपारी गावातल्या फोनच्या खोक्यातून मी वडिलांना फोन लावला. एव्हाना त्यांच्याकडे मोबाइल आला होता, पण बोलायचे ते सोसायटीच्या ऑफिसात उभं राहूनच, आणि तिथे कायम बसणारे ते चौघं अजूनही होते.

"बाबा, धरला."

"कायले?"

"तो मासा. उडनारा. हातात धरला."

मग ते म्हणाले, "पानी कोनाचं होतं?"

"इथल्या गावाचं."

"वाटा देल्ला?"

"देल्ला. डोकं देल्लं."

"घेतलं त्याइनं?"

"घेत नव्हते. मंग घेतलं. सगळ्याइनं मिळून खाल्लं."

ते मागे वळून कुणाला तरी काही म्हणाले. मला ऐकू आलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वडील बसले असावेत, ते फोनवर कधी बसत नसत.

"मांस कसं हाये?"

"लाल, बाबा. गाजरासारखं."

"माशाचं मांस लाल?"

"हाव."

"काटा?"

मी सांगायला लागलो. काटा कुठे, खवला कसा, शेपटीला पकड कशी बसते, पाणी कुठे वळत होतं आणि तो कुठे उभा होता. ते मधेमधे विचारत होते, आणि मी सांगत होतो.